एवढंसंच वाढा! नव्याने लहान झालेल्या पोटाची माहितीपुस्तिका

अभिनंदन! वजन उतरवण्याच्या ऑपरेशनात तुमच्या जठराचा मोठा भाग आता कामातून गेला आहे. हॉस्पिटलातून निघताना तुम्हाला औषधांची पिशवी, पुढच्या तपासणीची तारीख आणि आहाराचा एक छापील तक्ता मिळाला असेल. तक्ता उत्तम असतो, फक्त तो तुम्ही एकटे जेवता असं धरून केलेला असतो. पुण्यातल्या घरात माणूस एकटा जेवत नाही. समोर वाढणारं कोणीतरी असतं, शेजारी बघणारं कोणीतरी असतं आणि फोनवर 'जेवलास का?' विचारणारं तर असतंच असतं. सर्जन तुमचं पोट लहान करतो. वाढणाऱ्याचा हात होता तेवढाच राहतो. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्या हातासाठी आहे.

पायरी 1: आधी यंत्र समजून घ्या

भरपेट जेवलेल्या माणसाच्या जठरात एक ते दीड लिटर ऐवज मावतो. तुमची 'स्लीव्ह' झाली असेल तर जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून एक अरुंद नळी ठेवलेली असते. तिच्यात सुरुवातीला 100 ते 150 मिलिलिटर मावतं, म्हणजे आमटीची एक वाटी, तीही काठोकाठ नाही. 'बायपास' झाला असेल तर वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी आणि तिथून थेट लहान आतड्यात वळवलेला रस्ता. हा बायपास 1966 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी सुरू केला. अल्सरपायी जठराचा भाग काढलेली माणसं पुढे बारीकच राहतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, त्यातून ही कल्पना निघाली. कात्रज-देहूरोड बायपासशी याचा संबंध नाही. तो करूनही गर्दी हटली नाही, याने हटते.

दुसरा भाग भुकेचा. भुकेची वर्दी देणारं ग्रेलिन नावाचं संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग कापला जातो. त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. 'भूक नाही' हे आपल्याकडे आजारपणाचं पहिलं लक्षण समजतात. घरात कुजबुज सुरू होईल, मीठमोहऱ्या ओवाळल्या जातील. दृष्ट खुशाल काढून घ्यावी, तिच्यात कॅलरी नसतात.

पायरी 2: 'तू कुठे एवढी जाड होतीस?' याचं उत्तर पाठ करा

हा प्रश्न वजन उतरल्यावर येतो. ऑपरेशनच्या आधी हीच मंडळी काय म्हणायची, ते उकरू नये. त्याऐवजी पुण्याचाच दाखला द्यावा. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो आला होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे त्यांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं.

म्हणूनच ऑपरेशन कोणाचं करावं यासाठी अमेरिकेत 1991 साली ठरलेली बीएमआयची 40 ची, आणि मधुमेहासारखे आजार असतील तर 35 ची, रेषा आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई माणसांसाठी ती 27.5 वर आणली आहे. एवढं सांगून झालं की समोरच्या काकू स्वतःच्या कमरेकडे बघतील. तेवढ्या वेळात विषय बदलावा.

पायरी 3: साहित्याची जुळवाजुळव

तुळशीबागेत जा. मोठ्या भांड्यांची दुकानं ओलांडून भातुकलीच्या दुकानाशी थांबा. तिथे हव्या त्या मापाची वाटी, ताटली, पातेली मिळते. दुकानदार विचारेल, 'नातीसाठी का?' तुम्ही 'नाही, माझ्यासाठीच' म्हटलंत की तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि मग शांतपणे मोठ्या मापाचा सेट काढून ठेवेल. पितळेची भांडी मोहात पाडतात, पण त्यांत आंबट वरण ठेवायचं तर कल्हई आली. स्टीलची घ्या.

पूर्ण यादी अशी: एक चटणीची वाटी, एक बशी, दोन चहाचे चमचे, औषधाच्या बाटलीवरचं 30 मिलिलिटरचं झाकण, खुणा असलेली पाण्याची बाटली, एक छोटा वजनकाटा आणि गजर लावता येईल असं कोणतंही घड्याळ.

वाटी हे माप नाही, हे इथेच लक्षात घ्या. घरात चार आकारांच्या वाट्या असतात आणि चारही जणींना 'आमची नेहमीची वाटी' म्हणतात. औषधाच्या झाकणाने पाणी मोजून आपली वाटी किती मिलिलिटरची, ते एकदा ठरवा आणि वाटीच्या बुडाला खूण करा. त्यानंतर ओगराळं फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्या. जे हाताला लागतं त्यानेच वाढलं जातं.

पायरी 4: पहिले दोन महिने

क्रम साधारण असा. पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ: पाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, शहाळ्याचं पाणी, मटण शिजवणाऱ्या घरांत वरची चरबी काढून गाळलेलं अळणी पाणी. एका वेळी झाकणभर, म्हणजे 30 मिलिलिटर, आणि तेही पंधराएक मिनिटांत, घोटाघोटाने. मग साधारण दोन आठवडे पातळ: ताक, दूध, गाळलेली सूप, पाण्यात किंवा दुधात कालवलेली प्रोटीन पावडर. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ: मुगाचं घट्ट वरण, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं, दही. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न, बाहुलीच्या मापात. तुमच्या डॉक्टरांचा तक्ता याहून वेगळा असेल तर तक्ता बरोबर आणि ही पुस्तिका चूक.

घरातल्या आज्यांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. उष्टावणापासून बाळाला काय काय आणि कुठल्या क्रमाने द्यायचं, ते त्यांना पाठ असतं. अडचण एवढीच की बाळ वाढावं म्हणून त्या प्रत्येक पदार्थावर तूप सोडतात. तुमच्या बाबतीत उद्देश उलटा आहे, हे त्यांना रोज सांगावं लागेल. रोज म्हणजे रोज.

पायरी 5: पान उलटं वाढा

आपलं पान शास्त्रोक्त वाढलं जातं. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. जेवण सुरू होतं भाताने, मध्ये पोळी, मसालेभात आणि गोड, शेवट ताकभाताने. दीड लिटरच्या पोटासाठी ही व्यवस्था निर्दोष आहे. शंभर मिलिलिटरच्या पोटात पहिला वरणभात गेला की कार्यक्रम संपतो. उसळ, पनीर, अंडं दाराबाहेर राहतात.

म्हणून नवा क्रम: आधी प्रथिनं, मग भाजी-कोशिंबीर, शेवटी भात किंवा पोळी. बऱ्याचदा शेवटच्याची पाळी येतच नाही. आली नाही म्हणून हळहळू नये.

हिशेब एकदा मांडून पाहा. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत. बऱ्याच जणांना 60 ते 80 सांगतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, वाटीभर घट्ट वरणात 7 च्या आसपास, वाटीभर भातात 3-4, आणि साबुदाण्यात जवळजवळ शून्य. एवढ्याशा पोटात साठ ग्रॅम बसवणं म्हणजे गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावण्याइतकंच अवघड. सुरुवातीचे महिने प्रोटीन पावडरशिवाय हे गणित सुटत नाही. तिची चव कोणालाच आवडत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. प्यायची.

परंपरा पाळणाऱ्यांनी निश्चिंत असावं. आपोशनीच्या पळीभर पाण्याला हरकत नाही. चित्राहुतींना तर नाहीच. पानाबाहेर काढून ठेवायची शितं आणि तुमच्या वाट्याचा भात यांत आता फारसा फरक उरलेला नाही.

पायरी 6: घास, घड्याळ आणि पाणी

एक चमचा तोंडात घाला. चमचा खाली ठेवा. चावा. वरण-भात चावायचा नसतो, तो आपोआप उतरतो, असा आपल्याकडे समज आहे, तो सोडा. घास वीस-पंचवीस वेळा चावून त्याचं तोंडातच पिठलं होऊ द्या आणि मग गिळा. चटणीच्या वाटीतली मुगाची उसळ संपायला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. दाणे मोजता येतील इतकी ती उसळ कमी असते. पहिल्या पाच मिनिटांत घरचे आटोपून उठतात, दहाव्या मिनिटाला कोणीतरी टेबल पुसायला घेतं, पंधराव्या मिनिटाला 'गार झालं असेल, गरम करून देऊ का?' येतं. गजर वाजेपर्यंत जागेवरून हलू नका.

जेवताना पाणी नाही. जेवणाआधी थोडा वेळ थांबवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास तांब्याला हात लावायचा नाही. दिवसभरात मात्र दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, घोट घोट करत. उन्हाळ्यात पर्वतीवरून आल्यावर गटागट तांब्या रिकामा करायचे दिवस गेले. सोडा आणि बुडबुड्यांची पेयं बंद.

पुरे झाल्याची खूण पोट देतं, पण ती आपल्या ओळखीची नसते. ढेकर यायची वाट पाहू नका. छातीच्या मध्यावर दाटल्यासारखं होतं, नाक गळायला लागतं, शिंक येते किंवा उचकी लागते. उचकी लागली की 'कोणीतरी आठवण काढली' म्हणून आपण नावं घेत बसतो. कोणी आठवण काढलेली नाही. चमचा खाली ठेवा. त्यापुढचा एक घास बाहेर येतो.

पायरी 7: अडकणारे आणि निसरडे

मिसळ समोर ठेवून हा धडा सर्वांत चांगला समजतो. नारायण पेठेत बेडेकरांकडे जा किंवा घरी करा. मिसळीचे चार भाग करा. मटकीची उसळ: तुमची, हीच आधी खायची. तर्री: नव्या पोटाला झोंबते, बाजूला सारा. पाव: ओला होऊन गोळा होतो आणि अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, शेजाऱ्याला द्या. उरलं फरसाण. ते कुठेही अडकत नाही, सरळ उतरतं. आणि तेच सर्वांत धोक्याचं.

पोट लहान केल्याचा फायदा घट्ट, चावून खायच्या अन्नाच्या बाबतीतच होतो. कुरकुरीत किंवा पातळ गोड पदार्थ त्या नळीतून भराभर खाली सरकतात. पोट भरल्याची खूण मिळतच नाही. तव्यावरून उतरलेली ताजी पोळी दोन घासांत 'बस' म्हणते, पण बाकरवडी तासाभरात पाव किलो जाऊ शकते. चिवड्याचं तसंच. मस्तानीचं तर विचारूच नका: आटवलेलं दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, सगळं चमच्याने, कुठेही हरकत न घेता उतरणारं. वर्ष-दीड वर्षाने भूक पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा वजन परत येतं ते याच वाटेने. डब्यातली बाकरवडी संपली की डबा पुन्हा भरू नका. 'पाहुण्यांसाठी असू दे' हे कारण तपासून घ्या. पाहुणे गेल्या सहा महिन्यांत किती आले?

पायरी 8: घरगुती मापांचं कोष्टक

पुण्यात अन्न ग्रॅममध्ये वाढत नाहीत, शब्दांत वाढतात. नवशिक्यांनी हे कोष्टक फ्रिजवर चिकटवावं.

चवीपुरतं: अर्धी वाटी.
नावाला: एक अख्खी पोळी, तुपासकट.
एवढंसं: एक ओगराळं.
तोंडी लावायला: दोन भजी आणि नंतर 'आता एक कशाला उरवायचं' म्हणून तिसरं.
प्रसाद म्हणून: एक उकडीचा मोदक. नकार देता येत नाही. चिमूटभर सारण काढून घ्यावं, मोदक मुलांना द्यावा.
तुझ्यासाठी मुद्दाम: मोजता येत नाही.

शेवटचं माप सर्वांत अवघड. सासूबाई सकाळपासून राबून पुरणपोळी करतात, ताटलीत ठेवतात आणि समोर बसतात. इथे कॅलरीचा हिशेब सांगू नये. एक छोटा तुकडा घ्यावा, डोळे मिटून पंचवीस वेळा चावावा. इतकं मन लावून आपलं खाणं कोणी खाल्लेलं त्यांनी पूर्वी पाहिलेलं नसतं. मग म्हणावं, 'आई, उरलेली ह्यांना द्या, मी संध्याकाळी आणखी एक तुकडा खाते.' संध्याकाळपर्यंत ती उरत नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं.

काम सोपं करायचा एक उपाय: वाढण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत कडक माणसाकडे द्या. दुसरीतली मुलगी वजनकाट्यावर पनीर तोलते तेव्हा आत्याबाईंचाही आग्रह चालत नाही.

पायरी 9: कार्यालयातली पंगत

बुफे असेल तर अडचण नाही. हातात ताटली धरून फिरत राहा, कोणी पाहत नाही. पंगत असेल तर तयारीने जा.

पानावर आडवा हात धरला की नकार झाला, असं नवशिक्यांना वाटतं. वाढपी त्याला सुरुवात समजतो. कसलेला वाढपी दोन बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो. तुम्ही हात झटकलात की मोकळ्या जागेत दुसरी पडते. शेजारचे मुलीकडचे काका म्हणतात, 'अहो, घ्या! गोडाला पोटात वेगळी खोली असते!' त्यावर 'ती खोली गेल्या महिन्यातच पाडली' हे उत्तर ओठांवर येईल. देऊ नका. पुढची पंधरा मिनिटं ऑपरेशनची साद्यंत हकीगत सांगावी लागते.

युक्ती अशी. रिकामं पान दिसलं की वाढपी थांबतो, भरलेलं दिसलं की पुढे जातो. म्हणून पहिल्याच फेरीला एक जिलेबी घ्या आणि ती अखंड, सर्वांना दिसेल अशी ठेवा. मसालेभाताची मूद मोडा, पसरा, जागा व्यापा. उसळ असेल तर ती खा. पानात टाकण्याची लाज वाटत असेल तर पर्समध्ये छोटा डबा ठेवा. पुण्यात डबा काढणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

ती जिलेबी खरंच खाल्लीत तर काय होतं? बायपास झालेल्यांच्या पोटातून साखर थांबा न घेता लहान आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, स्वच्छतागृह शोधावं लागतं. याला डंपिंग म्हणतात. काही जणांची साखर एक ते तीन तासांनी अचानक उतरते, हातपाय थरथरतात. आग्रह करणारे काका तोवर घरी जाऊन वामकुक्षी घेत असतात.

शंका-समाधान

*एकादशी करू का?* सुरुवातीचे महिने नको. उपवासाच्या पानात साबुदाणा, बटाटा, रताळं, म्हणजे पिष्टमय पदार्थांचंच राज्य, आणि पाणीही विसरलं जातं. पुढे करायचीच असेल तर दूध, दही, पनीर आणि ताकावर करा आणि आधी डॉक्टरांना विचारा. विठोबा समजून घेतो.

*केस गळतायत.* ऑपरेशनानंतर तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांचे गळतात आणि पुष्कळदा परत येतात. तेल बदलून उपयोग नाही. प्रथिनं आणि लोह पुरेसं जातंय का, ते पाहा.

*गोळ्या किती दिवस?* जन्मभर. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, ड आणि बी-12. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. बी-12 ला तर पुणेकरांनी विशेष जपावं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत सुमारे 67 टक्के लोकांमध्ये ते कमी आढळलं होतं, आणि त्यांच्या पोटांना कोणी हात लावलेला नव्हता.

*टिळक रस्त्यावर 'दुर्वांकुर'मध्ये थाळी खायला जाऊ का?* जा, पण हिशेब करू नका. अमर्याद थाळीचे पूर्ण पैसे देऊन दोन चमचे उसळ खाणं पुणेकराच्या जिवावर येतं आणि पैसे वसूल करायच्या नादात पोट दुखून घेतलं जातं. त्यापेक्षा फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त चौघांनी जा, त्यांना मागवू द्या आणि त्यांच्यातली अर्धी इडली सांबारात बुडवून घ्या.

*लोकांना सांगू का?* पुष्कळ जण 'हर्नियाचं ऑपरेशन झालं' म्हणून सांगतात. तीस किलो वजन उतरवणारा हर्निया ऐकून शेजारी आपल्याला कधी होतो, याची वाट पाहू लागतात. नितीन गडकरींनी 2011 साली मुंबईत हीच शस्त्रक्रिया करून घेतली, ते वर्तमानपत्रांत छापून आलं आणि त्यांचं राजकारण व्यवस्थित चाललं. सांगायचं तर एकाच माणसाला सांगा, पण जो प्रत्येक समारंभात वाढायला असतो त्याला.

*दारू?* लहान पोटात ती फार लवकर चढते. पहिल्या वर्षी तर नकोच.

गंमत बाजूला ठेवून

काही गोष्टी डॉक्टरांना लगेच कळवायच्या: ताप, छातीची न थांबणारी धडधड, पोटात जोराची कळ, काळी शी, काहीही पोटात न टिकणं. सतत उलट्या होत राहिल्या तर जीवनसत्त्व बी-1 घटून मेंदू आणि नसांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून 'दोन दिवस बघू' म्हणत बसू नये. अंगदुखीच्या साध्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांतल्या काहींनी नव्या पोटात व्रण होतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष बाळाचा विचार लांबणीवर टाका. आणि तपासण्या चुकवू नका, वजन मनासारखं उतरलं तरी.

पायरी 10: वाढपी व्हा

वर्ष उलटलं, कपडे दोनदा लहान करून घेतले, एक वाटी जेवण अंगवळणी पडलं, की पुढच्या लग्नात पानावर बसू नका. उपरणं किंवा पदर कमरेला खोचा आणि जिलेबीचं ताट उचला. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. तो जेवला की नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. 'किती बारीक झालास! काय करतोस?' या प्रश्नावर 'आलो, तिकडच्या रांगेत मठ्ठा राहिलाय' म्हणून निसटता येतं. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं होतं, ते वेगळंच. शेवटच्या पंगतीला आग्रह करणारे दमलेले असतात, तेव्हा आपली चटणीची वाटी काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं सुखाने जेवा.

एकच खबरदारी घ्या. जिलेबीचं ताट हातात असताना समोर कोणीतरी पानावर हात आडवा धरेल, 'नको हो, खरंच नको' म्हणेल आणि तुमच्या तोंडून नकळत निघेल, 'घ्या हो, एवढीशी तर आहे!' जठर कापता येतं, आतडं वळवता येतं. या वाक्यावर अजून तरी शस्त्रक्रिया निघालेली नाही.